कारखान्याला जमीन, कामगाराला नोटीस

केंद्र सरकारच्या लेखी ४५ लाख रुपयांचे घर हे 'परवडणारे घर' आहे. १ एप्रिल २०१९ पासून वस्तू व सेवा कराची जी रचना लागू झाली, तिच्यानुसार पुण्या-पिंपरीसारख्या शहरात बांधकाम चालू असलेली, ९० चौरस मीटरपर्यंतची आणि ४५ लाखांपर्यंतची सदनिका घेणाऱ्याला फक्त एक टक्का कर द्यावा लागतो. का, तर ती परवडणारी आहे! आता हा हिशेब चाकणच्या कामगाराच्या खिशाला लावून पाहू. वीस टक्के म्हणजे ९ लाख रुपये त्याने पदरचे घालायचे. उरलेल्या ३६ लाखांचे कर्ज नऊ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी काढले तर महिन्याचा हप्ता ३२ हजारांच्या पुढे जातो. शिवाय पिंपरी-चिंचवडमध्ये मुद्रांक शुल्क, स्थानिक अधिभार आणि मेट्रोचा अधिभार मिळून सात टक्के, म्हणजे आणखी ३ लाख १५ हजार. ठेकेदाराकडून महिन्याला पंधरा-अठरा हजार हाती घेणाऱ्या माणसाने दोन महिने अन्नपाणी सोडले तरी त्यातून एका महिन्याचा हप्ता जेमतेम निघेल. कर सवलतीच्या या व्याख्येत कामगार नाहीच. असे असूनही ही सवलत गरिबांच्या नावाने दिली जाते, हे आधी लक्षात घेतले पाहिजे.

पिंपरी-चिंचवडचे दुखणे मात्र या करापेक्षा फार जुने आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, साठच्या दशकात औद्योगिक विकास महामंडळ आले, टेल्को आणि बजाज आले. त्या काळच्या धोरणात निदान एवढी तरी शरम होती, की कारखाना आणला तर कामगाराच्या डोक्यावर छप्परही आणले पाहिजे. एच. ए. कॉलनी कंपनीने बांधली. गृहनिर्माण मंडळाने संत तुकारामनगरसारख्या वसाहती केल्या. खुद्द एमआयडीसीने चिंचवडमध्ये शाहूनगर-संभाजीनगरचा जी ब्लॉक निवासासाठी ठेवला. आणि १४ मार्च १९७२ रोजी राज्य सरकारने महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन केले. औद्योगिक नगरीत येणाऱ्या कामगार-कष्टकऱ्यांना रास्त दरात जागा आणि घरे देणे हा त्याचा जाहीर हेतू होता. त्यासाठी आकुर्डी, निगडी, चिखली, भोसरी, मोशी, वाल्हेकरवाडी, रहाटणी, थेरगाव, काळेवाडी या गावांच्या जमिनींवर संपादनाचे शिक्के पडले.

योगायोग असा की तेच वर्ष दुष्काळाचे. मराठवाड्यातून, सोलापूर-नगरकडून माणसे पोटासाठी या बाजूला आली. त्यांत आपला बौद्ध, मातंग, भटका, भूमिहीन समाज मोठ्या संख्येने होता. ज्याची शेती होती तो पाऊस पडल्यावर परत गेला. ज्याची नव्हती त्याने परत जायचे कुठे? मिलिंदनगर, विठ्ठलनगर, वेताळनगर या वस्त्यांचा इतिहास त्या वर्षांपाशी जाऊन पोहोचतो.

मग प्राधिकरणाने काय केले? काही पेठा चांगल्या वसवल्या, रुंद रस्ते केले, झाडे लावली, हे मान्यच केले पाहिजे. परंतु भूखंड द्यायची वेळ आली तेव्हा निविदा निघाल्या आणि जो जास्त अधिमूल्य देईल त्याला ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने भूखंड मिळू लागला. म्हणजे सार्वजनिक हितासाठी शेतकऱ्याकडून मातीमोलाने घेतलेली जमीन चढ्या बोलीने विकणारा व्यापारी, हे काम एका शासकीय संस्थेने केले. बोलीत कामगार उतरू शकत नव्हता. शेतकऱ्यालाही साडेबारा टक्के परताव्यासाठी पिढीभर हेलपाटे घालावे लागले. शेतकरी आणि कामगार या दोघांच्याही तोंडाला पाने पुसली गेली. नंतर जून २०२१ मध्ये प्राधिकरणच विसर्जित झाले. विकसित भाग महापालिकेकडे गेला, मोकळ्या जमिनी पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, म्हणजे पीएमआरडीएकडे गेल्या.

या कथेतला सर्वांत विदारक भाग अजून पुढेच आहे. संपादनाचे शिक्के बसलेल्या जमिनींपैकी पुष्कळशा जमिनींचा ताबा प्राधिकरणाने वेळेत घेतलाच नाही. मोबदला अडकलेला, ताबा शेतकऱ्याकडे, आणि दारात रोज खोली शोधणारा कामगार. अशा स्थितीत काळेवाडी, थेरगाव, रहाटणी, वाल्हेकरवाडीत गुंठा-अर्धा गुंठा जमीन विकली जाऊ लागली. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा, त्यामुळे एवढ्या लहान तुकड्याचे रीतसर खरेदीखत होत नसे. मग शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर करारनामा, नोटरीचा शिक्का, एखादे कुलमुखत्यारपत्र, आणि झाला व्यवहार. गावाकडची म्हैस विकून, बायकोच्या गळ्यातले मोडून, भिशी लावून माणसाने पैसे मोजले. रविवारी मित्रांना हाताशी घेऊन भिंती चढवल्या. ज्या जमिनीवर शासनाने कामगारांची घरे बांधायची होती, त्याच जमिनीवर कामगारांनी ती स्वतः बांधली. त्यांचे नाव मात्र पडले अनधिकृत बांधकाम.

दशकभरापूर्वी न्यायालयात आणि सभागृहात या शहरातल्या अनधिकृत बांधकामांचा आकडा ६६ हजारांच्या घरात सांगितला जात होता. एखाद्या शहरात शे-दोनशे माणसे कायदा मोडतात तेव्हा माणसांचा दोष असतो. हजारोंच्या संख्येने कुटुंबे तो मोडतात तेव्हा कायदेशीर घराची वाट कोणी बंद केली, हे विचारावे लागते. हे विचारण्याऐवजी सरकारने कर लावला. ४ जानेवारी २००८ नंतरच्या अनधिकृत बांधकामांवर महापालिका अधिनियमाच्या कलम २६७-अ प्रमाणे मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती. दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्याच्या बिलावर थकबाकी आणि तिच्यावरचे व्याज असा डोंगर वाढत गेला. त्या बिलांचे गठ्ठे घेऊन माणसे वकिलांच्या दारात बसत, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर राग कमी आणि लाज जास्त दिसे. जणू काही त्यांनी चोरी केली होती! ही शास्ती टप्प्याटप्प्याने सौम्य करीत अखेर २०२३ साली माफ झाली, तीही मूळ कर भरण्याच्या अटीवर. मधल्या पंधरा वर्षांत त्या शास्तीने एकही नवे अधिकृत घर उभे केले नाही.

नियमितीकरणाचे कायदेही झाले. २००१ चा गुंठेवारी कायदा आहे, २०२१ मध्ये त्याची मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली गेली. २०१७ साली नगररचना कायद्यात कलम ५२-अ घालून ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतची बांधकामे नियमित करण्याची वाट काढली. २०२५ मध्ये तुकड्यांचे जुने व्यवहार नियमित करण्याचीही तरतूद झाली. पण घोडे पेंड खाते ते कागदांत. मालकी हक्काचा दस्त आणा, वास्तुविशारदाचा नकाशा आणा, शुल्क भरा, जागा आरक्षणात नाही, पूररेषेत नाही, संरक्षण खात्याच्या रेड झोनमध्ये नाही हे दाखवा. ज्याच्याकडे दस्त नाही म्हणून घर अनधिकृत ठरले, त्याच्याकडेच नियमित करण्यासाठी दस्त मागायचा, असा हा कारभार! गुंठा विकणाऱ्याला आणि कानाडोळा करणाऱ्या अधिकाऱ्याला त्याची झळ पोहोचल्याचे मला आठवत नाही.

रेड झोनचे नाव निघालेच आहे तर निगडीच्या सेक्टर २२ चे सांगितले पाहिजे. डिसेंबर २००५ मध्ये केंद्राची जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान योजना आली आणि तिच्या पैशांतून महापालिकेने ओटा स्कीमच्या झोपडपट्टीवासीयांसाठी इमारती बांधायला घेतल्या. जागा देहूरोडच्या दारूगोळा कोठाराच्या प्रतिबंधित पट्ट्यात होती. झोपडीत राहणाऱ्याला वाळूची गोणी उतरवताना जी महापालिका नोटीस देते, तिने त्याच पट्ट्यात बहुमजली इमारती बांधायला काढल्या. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, काम थांबले, आणि बांधलेल्या इमारती वर्षानुवर्षे ओसाड राहिल्या. पैसा जनतेचाच होता.

याच योजनेच्या निधीची एक अट होती, नागरी जमीन कमाल धारणा कायदा रद्द करणे. १९७६ च्या या कायद्याने पुणे नागरी समूहात, म्हणजे पिंपरी-चिंचवडमध्येही, एका धारकाला एक हजार चौरस मीटरपेक्षा जास्त मोकळी जमीन ठेवता येत नव्हती. जास्तीची जमीन सरकारजमा व्हायची किंवा कलम २० व २१ खाली सूट घेऊन तिच्यावर दुर्बल घटकांसाठी घरे बांधायची. २९ नोव्हेंबर २००७ रोजी महाराष्ट्राने कायदा रद्द केला. जमीन मोकळी होईल, बाजारात पुरवठा वाढेल आणि घरे स्वस्त होतील, असे तेव्हा छातीठोकपणे सांगितले गेले. वाकड, रावेत, मोशीचे भाव त्यानंतर कुठे गेले, हे वाचकांना सांगायला नको. त्या कायद्यासाठी मी गळा काढणार नाही. सुटीच्या नावाखाली त्यातही भरपूर खाबूगिरी झाली. सर्वोच्च न्यायालयाला १९९० साली 'शांतीस्टार बिल्डर्स' या महाराष्ट्रातल्याच खटल्यात सांगावे लागले, की दुर्बलांच्या नावाने सूट घेतली तर घरेही दुर्बलांनाच मिळाली पाहिजेत, आणि त्यासाठी देखरेख समिती नेमण्याचे निर्देश द्यावे लागले. परंतु गळके भांडे दुरुस्त करायचे असते. आपल्याकडे ते फेकून दिले आणि पाणी थेट बिल्डरच्या टाकीत सोडले.

त्याची भरपाई म्हणून २०१३ मध्ये वीस टक्क्यांचा नियम आला. दहा लाखांपेक्षा जास्त लोकसंख्येच्या महापालिकांत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर बांधणाऱ्याने वीस टक्के घरे अल्प व अत्यल्प उत्पन्न गटासाठी ठेवायची आणि ती म्हाडाच्या सोडतीने द्यायची. हा नियम चांगला आहे. पुणे मंडळाच्या सोडतीत पिंपरी-चिंचवडची जी घरे येतात त्यांतली बरीच या नियमामुळेच येतात. पण भूखंडाचे तुकडे ४,००० च्या आत बसवले की नियम गळून पडतो, आणि घरे म्हाडाकडे आलीच नाहीत म्हणून नाशिकच्या बाबतीत २०२२ साली विधान परिषदेत केवढा गदारोळ झाला होता! आणि दुसरी गोष्ट. नियम आला तेव्हा चाकण ही ग्रामपंचायत होती. ज्या पट्ट्यात कामगारांची सर्वांत दाट गर्दी होऊ लागली होती, तोच पट्टा नियमाच्या बाहेर राहिला.

चाकणमध्ये तर १९७२ ची शरमही उरली नाही. फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्र, बजाज आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो कारखाने यांच्यासाठी एमआयडीसीने टप्प्यामागून टप्पे संपादित केले. सामूहिक प्रोत्साहन योजनेखाली मोठ्या प्रकल्पांना करपरतावा, मुद्रांक शुल्कात माफी, वीज शुल्कात माफी असे सारे काही मिळते. स्थानिकांना नोकऱ्या देण्याची अट असते. तो नोकर रात्री झोपणार कुठे, ही अट नाही. ते काम नाणेकरवाडी, म्हाळुंगे, खराबवाडी, मेदनकरवाडी, कुरुळी, निघोजे या गावांवर सोपवून सरकार मोकळे झाले. जमीन गेलेल्या शेतकऱ्याने उरल्या गुंठ्यांवर खोल्या काढल्या. दहा बाय दहाची खोली, पत्रा, चार-पाच पोरे, पाळीप्रमाणे झोपणारी. रात्रपाळीचा आला की दिवसपाळीच्याने अंथरूण सोडायचे. भाडेकरार नाही, पावती नाही. आणि खोली दाखवण्याआधी आडनाव विचारतात. आडनावावरून उलगडा झाला नाही तर गाव विचारतात, आणि मग गावात घर कोणत्या बाजूला आहे तेही विचारतात. घरबांधणीच्या कोणत्याही धोरणात या प्रश्नाला रकाना नाही, पण आपल्या पोरांना खोली मिळते की नाही हे त्याच्यावर ठरते.

कायदा काय सांगत होता? १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याच्या कलम १६ मध्ये ठेकेदाराने कामगाराला राहण्यास योग्य जागा द्यावी असे स्पष्ट लिहिले होते. चाकणमध्ये ते किती पाळले गेले हे तिथल्या कोणत्याही खोलीत डोकावले की कळते. शिवाय हे संरक्षण परराज्यातून ठेकेदारामार्फत आणलेल्यांपुरते होते. नांदेड-लातूरचा पोरगा शेकडो किलोमीटरवरून आला तरी कायद्याच्या लेखी तो स्थलांतरित नाही, कारण त्याने राज्याची हद्द ओलांडलेली नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, जुना कायदा गेला आणि घराचे ते कर्तव्य त्या थेट शब्दांत नव्या संहितेत उरले नाही. कोरोनाच्या टाळेबंदीत माणसे पायी गावाकडे निघाली तेव्हा, जुलै २०२० मध्ये, केंद्राने परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना मंजूर केली होती. चाकणच्या खोलीतल्या एकाही कामगाराच्या तोंडी मी तिचे नाव ऐकलेले नाही.

आता पंतप्रधान आवास योजना. महापालिकेने चऱ्होलीत १,४४२, बोऱ्हाडेवाडीत १,२८८ आणि रावेतमध्ये ९३४ अशी ३,६६४ घरे जाहीर केली. २०२१ च्या जानेवारीत ठरलेली सोडत राजकीय मानापमानात रद्द झाली आणि फेब्रुवारीत निघाली. रावेतचा प्रकल्प जागेच्या वादात कोर्टात अडकला. प्राधिकरणाच्या पेठ क्रमांक १२ मध्ये ४,८८३ घरे झाली आणि तिथल्या उरलेल्या घरांसाठी पुन्हा पुन्हा अर्ज मागवावे लागले. एकीकडे घरासाठी रांगा आणि दुसरीकडे घरे शिल्लक, हे कसे? माझ्याकडे येणाऱ्या माणसांवरून मला याचे उत्तर दिसते. अत्यल्प गटाच्या घरासाठी लाभार्थ्याला सहा-सात लाख भरायचे असतात. सहा लाखांचे वीस वर्षांचे कर्ज काढले तर हप्ता साडेपाच हजारांच्या आत बसतो. तेवढे भाडे तो आजही देतो आहे! म्हणजे ऐपत आहे. नाही ते नेमणूकपत्र. दर सहा-सात महिन्यांनी ब्रेक, दर वर्षी नवा ठेकेदार, पगारचिठ्ठीवर कंपनीचे नाव नाही. बँक अशा माणसाला दारात उभे करीत नाही. म्हाडाच्या सोडतीत अनुसूचित जातींना ११ टक्के आरक्षण आहे, आवास योजनेतही आरक्षण आहे. सोडतीत नाव निघते, पेपरात यादी छापून येते, वस्तीत पेढे वाटले जातात, आणि कर्जाअभावी मुदत संपून घर हातचे जाते. एका खात्याने नोकरी ठेकेदारीत टाकली. दुसऱ्या खात्याने घर पगारचिठ्ठीला बांधले. दोघांच्या मध्ये माणूस सापडला.

यावर तोडगा नाही असे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणीत गेले आणि १९४४ च्या सुरुवातीलाच कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीतून बाहेर पडणाऱ्या कोळशावर उपकर बसवायचा आणि त्यातून कामगारांची घरे, पाणी, आरोग्य यांची सोय करायची. बाबासाहेबांनी कामगाराला बँकेच्या दारात पाठवले नाही. मालावर कर बसवून घराचा खर्च उद्योगाच्या खर्चात धरला. चाकणमधून रोज गाड्यांनी भरलेले कंटेनर बाहेर पडतात. प्रत्येक गाडीमागे ठराविक रक्कम कामगार निवास निधीला द्यायला कोणती कंपनी बुडणार आहे? त्या निधीतून भाड्याची सार्वजनिक घरे बांधता येतील, ज्यांना ना डाऊन पेमेंट लागेल ना नेमणूकपत्र, आणि जिथे आडनाव विचारले तर तक्रार करता येईल.

जमीन कुठून आणणार, असे लगेच विचारले जाईल. सर्वोच्च न्यायालयासमोर १९९५ साली चमेली सिंग यांचे प्रकरण आले होते. उत्तर प्रदेशात दलितांच्या घरांसाठी तातडीच्या कलमाखाली जमीन संपादित झाली म्हणून जमीनमालक कोर्टात गेले होते. न्यायालयाने संपादन कायम केले, निवारा हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असे सांगितले, आणि दलितांच्या घरांची गरज हीच तातडी मानली. कारखान्यासाठी तातडी लावता येते तशी घरासाठीही लावता येते. आणि आपल्याकडे तर नवे संपादन करण्याचीही गरज नाही. राज्याच्या गृहनिर्माण धोरणाला मे २०२५ मध्ये मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. त्यात २०३० पर्यंत अत्यल्प व अल्प उत्पन्न गटांसाठी ३५ लाख घरांचे उद्दिष्ट आहे आणि कामाच्या ठिकाणाजवळ घर अशी भाषाही आहे. १९७२ मध्ये याच कारणासाठी घेतलेल्या जमिनींपैकी ज्या मोकळ्या उरल्या आहेत, त्या आज पीएमआरडीएकडे आहेत. त्या किती आहेत, कोणत्या पेठेत आहेत, गेल्या पाच वर्षांत त्यांतले कोणते भूखंड लिलावाने गेले, कोणत्या दराने आणि कोणत्या उपयोगासाठी, हे मागायचा हक्क प्रत्येक भाडेकरूला आहे. पीएमआरडीएचे कार्यालय आकुर्डीत आहे. माहिती अधिकाराच्या अर्जावर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावावे लागते, आणि तीस दिवसांत उत्तर आले नाही तर अपील तिथेच करता येते.